रोज दिसणारं नाशिक : कसं चालतं, कुठे बिघडतं (अनुभव धागा)

सिंहस्थ २०२७ तोंडावर आलाय. निम्मं गाव उकरून ठेवलंय आणि ‘नाशिक बदललं’ हे वाक्य प्रत्येक टपरीवर चहाबरोबर फुकट मिळतं. नेमकं काय बदललं असं विचारलं की मात्र गाडी ‘पूर्वी थंडी कसली पडायची’ इथे येऊन अडते. म्हणून हा धागा. जाता-येता दिसणारी एकच गोष्ट घ्या आणि ती उलगडून सांगा. माप काय, क्रम काय, बिघडते कशाने. आजोबांचा वाडा आणि ‘गेले ते दिवस’ यांसाठी दुसरे धागे पुष्कळ आहेत. ज्याला त्या कामातलं कळतं त्यानेच लिहावं, आणि कुणाचं चुकलं तर खाली बिनधास्त दुरुस्त करावं. प्रतिसादाच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचं ठिकाण आहे.

गंगाघाट

पुरापासून सुरुवात करतो. नाशिकचा माणूस ‘गोदावरीला पूर आला’ म्हणत नाही, ‘गंगेला पाणी आलं’ म्हणतो. आणि किती आलं ते फुटात सांगत नाही, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर सांगतो. पाय बुडाले, गुडघ्याला लागलं, कंबरेला, छातीला, गळ्याला. घाटावरचा दुकानदार हीच पट्टी वापरतो आणि ती सरकारी आकड्यापेक्षा कामाची आहे, कारण मारुतीच्या कुठल्या अंगाला पाणी लागलं म्हणजे आपल्या कुठल्या पायरीला लागणार, हे ज्याचं त्याला पाठ असतं.

सरकारी आकडा क्युसेकमध्ये येतो. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. दहा हजार क्युसेक सोडले म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर. गंगापूर धरण गावाच्या वरच्या अंगाला आहे, तिथे सोडलेलं पाणी रामकुंडावर यायला साधारण दोन-तीन तास लागतात. त्या वेळात टपऱ्या, पूजेच्या सामानाच्या फळ्या, हातगाड्या वर चढवायच्या असतात.

आता लोक जिथे चुकतात ते. धरणाचे दरवाजे बंद आहेत म्हणून निर्धास्त राहता येत नाही. धरणाच्या खाली जो पाऊस पडतो तो थेट नदीत येतो, त्यावर दरवाजा नाही. आणि सराफ बाजारात पाणी शिरतं ते दर वेळी नदीच वर चढल्यामुळे शिरतं असंही नाही. त्या भागातून सरस्वती नाला जातो, वरून झाकलेला असल्याने नवख्याला दिसत नाही. गावात तासाभरात ढगफुटीसारखा पाऊस झाला की नाल्याचं तोंड पुरत नाही. त्याच वेळी नदी चढलेली असेल तर नाल्याचं पाणी नदीत जाण्याऐवजी नदीचंच पाणी नाल्यात मागे सरकतं. मग चेंबरमधून कारंजी. २००८ आणि २०१६ चे पूर नदीचे होते. जून २०१७ मध्ये सराफ बाजार भरला तो गावातल्या पावसाने. पहिल्या प्रकारात सामान हलवायला वेळ मिळतो, दुसऱ्यात शटर ओढायलासुद्धा मिळत नाही.

दुकानातून आधी काय उचलायचं? विजेचा मेन बंद करायचा, मग इलेक्ट्रॉनिक काटा, वह्या, कापड आणि कागद. पितळेची भांडी राहू द्यावीत, त्यांना पाण्याचं काही होत नाही. पाणी ओसरायला लागलं की ओसरत्या पाण्यातच झाडू मारायचा. गाळ ओला असेतो पाण्याबरोबर जातो. एक ऊन लागलं की गिलावा होऊन बसतो आणि मग फावड्याने खरवडावा लागतो. शटरच्या पट्ट्यांत अडकलेला गाळ हमखास विसरला जातो आणि चार दिवसांनी शटर अर्ध्यावर अडकतं.

तिवंधा चौकाजवळ, लाकूडकाम

जुन्या नाशकात दर पावसाळ्यात वाडे पडतात. बातमीत ‘जीर्ण वाडा कोसळला’ एवढंच येतं. जीर्ण म्हणजे नेमकं काय झालेलं असतं ते लिहितो.

वाड्याची रचना खालून वर अशी: काळ्या दगडाचं जोतं, सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या, आणि त्यावर मातीचा थर. याला कडीपाट म्हणतात. भिंत विटांची किंवा दगडाची, पण दोन्हींत सांध्याला बहुतेक मातीच. साग शंभर-दीडशे वर्षांत सहसा सडत नाही. सडतं ते तुळईचं टोक. हे टोक भिंतीच्या आत घुसलेलं असतं, तिथे हवा लागत नाही. पन्हळ फुटलं, कौल सरकलं, किंवा वरच्या मजल्यावर मागाहून बाथरूम काढलं, की पाणी भिंतीतून उतरून बरोबर त्या टोकाशी जातं. खोलीतून बघाल तर तुळई ठणठणीत दिसते, भिंतीतलं टोक मात्र चहात बुडवलेल्या खारीसारखं झालेलं असतं.

तपासायची रीत सोपी आहे. भिंतीजवळ तुळईवर लाकडी हातोडीने ठोका. ‘ठण’ आलं तर ठीक, ‘भद’ आलं तर तिथे पेचकस टेकवून दाबा. बोटाच्या पेराएवढा आत गेला तर तुळई फक्त सवयीने उभी आहे.

दुसरं, वजन. दहा बाय दहाची खोली आणि सहा इंच माती धरली तर पन्नास घनफूट माती होते, कोरडी असताना सव्वादोन-अडीच टन. भिजली की त्यात तीन-चारशे किलोंची भर. वर कुणीतरी शहाबादी फरशी घातलेली असते, तिचं वेगळं. म्हणून बरेचदा वाडा धो-धो पावसात न पडता पाऊस उघडल्यावर एक-दोन दिवसांनी पडतो. माती तोवर पूर्ण पाणी प्यालेली असते आणि लोक ‘उघडलं बाबा’ म्हणून परत आत झोपायला गेलेले असतात.

तिसरी गोष्ट लोक धरतच नाहीत. शेजारचा वाडा पाडून तिथे इमारत उभी राहते, तेव्हा मधली भिंत उघडी पडते. दोनशे वर्षं ती आतली भिंत होती, तिला पावसाचं तोंड माहीत नव्हतं. तिला ना गिलावा असतो ना बाहेरून टेकू. पहिल्याच पावसाळ्यात पत्रे किंवा ताडपत्री लावून ती झाकली नाही तर पुढे तीच आधी जाते.

टेकू लावताना: लाकडी बल्ली असो की लोखंडी जॅक, खाली फळी हवीच. नुसता जॅक मातीच्या जमिनीवर टेकवला तर तो वरची तुळई धरण्याऐवजी स्वतः जमिनीत रुततो. टेकू वरच्या मजल्यावर लावत असाल तर खालच्या मजल्यावर बरोबर त्याच्याच खाली दुसरा लावा, नाहीतर संकट फक्त एक मजला खाली सरकवलंत.

महापालिकेची नोटीस दर वर्षी येते. भाडेकरू खाली करत नाही, कारण एकदा बाहेर पडलं की हक्क गेला अशी भीती. मालक दुरुस्ती करत नाही, कारण भाड्यात पन्हळसुद्धा येत नाही. या दोघांच्या मध्ये तुळईचं टोक सडत राहतं.

रस्त्याच्या कामावर

वरच्या प्रतिसादात एक भर. वाड्यात पाणी फक्त वरून येत नाही, खालूनही येतं, आणि त्याला रस्ता जबाबदार आहे. डांबराचा नवा थर साधारण दीड-दोन इंचांचा. जुना थर खरवडून मग नवा टाकायचा ही पद्धत आहे, पण खरवडायचं मशीन अरुंद बोळात शिरत नाही, म्हणून थरावर थर बसत जातो. चार वेळा काम झालं की रस्ता सहा ते आठ इंच वर. जुन्या गल्लीत घरांच्या पायऱ्या मोजा. तीन पायऱ्यांच्या जोत्याला आता दोन किंवा एकच दिसेल. उरलेल्या कुठे गेल्या नाहीत, रस्त्याखाली आहेत. काही ठिकाणी उंबऱ्याला रस्ता टेकलाय. मग पावसाचं पाणी गटारीऐवजी ओटीवर.

काँक्रीटच्या रस्त्याला हा प्रश्न जास्त, कारण तो एकदा केला की खाली घेता येत नाही. काम सुरू होण्याआधी रहिवाशांनी एकच गोष्ट विचारावी: तयार रस्त्याची पातळी माझ्या उंबऱ्याच्या किती खाली आहे? पट्टी लावून भिंतीवर खडूने खूण करून घ्यावी. काम झाल्यावर केलेल्या तक्रारीला काही अर्थ नाही, काँक्रीट फोडायला कुणी येत नाही.

सिंहस्थाच्या कामांत क्रमही बघा. आधी मलवाहिनी, मग पाणी, मग केबलचे पाईप, शेवटी रस्ता. ज्या गल्लीत रस्ता आधी झाला तिथे सहा महिन्यांत उभा चर पडलेला दिसेल. चर बुजवताना माती थरा-थराने पाणी मारून दाबली नाही तर पहिल्या पावसात ती बसते आणि मधोमध लांबट खळगा होतो. दुचाकीचं पुढचं चाक बरोबर त्यात जातं.

भांडी बाजार

कल्हई, म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा मुलामा. पूर्वी बोळात भाता लावून बसलेला कल्हईवाला दिसायचा, आता बहुतेक काम गॅसच्या टॉर्चवर होतं. फरक कल्हईच्या दर्जात पडतो, तो असा.

भांडं आधी सौम्य तेजाबाने किंवा वाळू-चिंचेने आतून लख्ख घासायचं. तेलाचा अंश राहिला तर तिथे कथील धरत नाही, काळा डाग राहतो. मग भांडं तापवायचं. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे भांडं फार लाल करायची गरज नसते. तापल्यावर नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर निघतो, त्याने तांब्या-पितळेवरचा गंज सुटतो. लगेच कथलाची कांडी टेकवायची, ती वितळून थेंब सुटतात, आणि कापसाच्या बोळ्याने ते थेंब झरझर सगळीकडे फिरवायचे. मग थंड पाण्यात. सगळं काम एक-दोन मिनिटांचं, पण त्या मिनिटांत हात थांबला की संपलं. कोळशावर भांडं सगळीकडून सारखं तापतं. टॉर्चने एकच जागा तापते, तिथे कथील जळून पिवळट होतं आणि बाजूला धरतच नाही. म्हणून टॉर्चवाला भांडं सतत फिरवतोय ना हे बघावं.

कथलात शिसं मिसळलेलं असेल तर ते स्वस्त पडतं आणि पोटाला वाईट. ओळख: शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की कुरकुर आवाज येतो. शिसं मुकाट वाकतं, शिवाय कागदावर ओढलं तर पेन्सिलीसारखी रेघ उठते. कल्हईवाल्याकडे कांडी मागायला लाजू नका.

घरी आणल्यावर भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही आणि त्यात फोडणी करायची नाही. तेल २३२ अंशांच्या पुढे सहज जातं, मग कल्हई गोळा होऊन तळाला मणी दिसतात. तारेच्या घासणीने घासायचं नाही. रोजच्या वापरात सहा महिने ते वर्षभर टिकते. आत तांबूस-पिवळं दिसू लागलं की त्यात ताक, कढी, चिंचेची आमटी बंद.

दिल्ली दरवाजा

रहाड. नाशकात धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते आणि रंग खेळला जातो तो रंगपंचमीला, तोही रहाडीत. बाहेरच्यांना हे समजावताना घसा कोरडा पडतो, म्हणून एकदाच लिहून टाकतो. रहाड म्हणजे चौकाच्या पोटातला दगडी बांधणीचा पेशवेकालीन हौद, आठ-दहा फूट खोल. वर्षभर तो जाड लाकडी फळ्या आणि मातीने झाकलेला असतो आणि त्यावरून रिक्षा, टेम्पो, वराती सगळं जातं. शनि चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी उभे राहाल तर पायाखाली हौद आहे हे कळणारही नाही.

उघडण्याचा क्रम: माती काढायची, फळ्या काढायच्या, आणि मग काही वेळ नुसतं उघडं ठेवायचं. वर्षभर कोंडलेल्या खड्ड्यात एकदम माणूस उतरवायचा नाही, आतली हवा खराब असते. नंतर गाळ काढून धुवायचं, पूजा, मग पाणी. बारा बाय बारा फुटांचा हौद आणि सहा फूट पाणी असा हिशेब केला तर ८६४ घनफूट, म्हणजे साडेचोवीस हजार लिटरच्या घरात. रंग कढईत फुलं उकळून करतात आणि तो अर्क गरम असतानाच हौदात ओततात. पळसाच्या फुलांचा अर्क पिवळा-केशरी असतो, चिमूटभर चुना पडला की गडद नारिंगीकडे जातो. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, त्यामुळे संध्याकाळी कोण कुठल्या चौकातून आला ते चेहऱ्यावरून ओळखता येतं. आणि तो दोन-तीन अंघोळींत जात नाही, साबणाला दोष देऊ नये.

उडी मारण्याला धप्पा म्हणतात. पाय जवळ घेऊन बसल्यासारखी उडी, म्हणजे पाणी चौफेर उडतं. डोकं खाली घालून सूर मारायचा नाही, खाली दगड आहे. आधीचा वर आला, कडेला लागला, मग पुढच्याने मारायची. अपघात होतात ते नेमके हा नियम मोडल्याने, माणूस माणसाच्या अंगावर पडून. रंगीत पाण्यात खालचा दिसत नाही.

फळ्या परत बसवताना किडलेल्या वेगळ्या काढाव्या लागतात. वरून आता टँकर आणि मिक्सर जातात. जुन्या फळ्या बैलगाडीच्या हिशेबाच्या आहेत.

पंचवटी, मार्केट यार्ड

संध्याकाळचा कोथिंबिरीचा लिलाव ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एकदा पाहावा. भाव किलोवर नसतो, शेकड्यावर असतो. शेकडा म्हणजे शंभर जुड्या. आज हजार रुपये शेकडा निघाली म्हणजे जुडी दहा रुपये. मेथी, शेपू, कांदापात तशीच.

व्यापारी जुडी हातात घेऊन बघतो ते फक्त दाखवायला. खरी तपासणी म्हणजे ढिगाच्या मधोमध हात खुपसणे. आत ऊब लागली तर माल वाफेवर गेलाय, मुंबईला पोहोचेपर्यंत पिवळा पडणार. ही ऊब येते ओल्या मालामुळे. पावसात उपटलेली किंवा जुडी भरदार दिसावी म्हणून पाणी मारलेली कोथिंबीर दाबून रचली की तीन-चार तासांत आतून शिजते. म्हणून शहाणा शेतकरी उन्हं कलल्यावर उपटतो, मुळाची माती झटकतो, मुळं आत आणि पानं बाहेर अशी रचतो आणि वरून फक्त ओलं गोणपाट टाकतो.

पीक चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं. धने अख्खे पेरले तर उगवण विरळ, रगडून दोन डाळी करून पेरावे लागतात. उन्हाळ्यात उगवणच कमी होते आणि पावसाळ्यात पानं सडतात, म्हणून मे आणि ऑगस्टमध्ये भाव उसळतो. हिवाळ्यात सगळ्यांचीच उगवते आणि मग रस्त्याकडेला ओतून दिलेल्या जुड्या दिसतात. तोडणीची मजुरीही निघत नाही तेव्हा घरी परत नेण्यात काय अर्थ?

गल्लीतल्या हातगाडीवरची जुडी आणि यार्डातली जुडी यांची तुलना करू नका. यार्डातल्या एका जुडीच्या गल्लीत दोन होतात, कधी तीन. बुधवारच्या बाजारात गंगेवर घेतलीत तर दीड होते, एवढाच फरक.

मखमलाबाद

द्राक्षं. नाशिक द्राक्षांचं आहे हे खरं, पण गावाच्या वेशीवरच्या बागा झपाट्याने जातायत आणि ते बातमी यायच्या आत दिसतं. कसं? बाग जेव्हा मोडायची ठरते तेव्हा आधी एप्रिलची खरड छाटणी होत नाही. त्या महिन्यात सगळ्या बागा बोडक्या आणि एखादीच हिरवी रानटी दिसली की समजावं. मग तारा गुंडाळल्या जातात, वाय आकाराचे लोखंडी अँगल भंगाराच्या टेम्पोत. शेवटी जेसीबी, आणि त्यानंतर प्लॉटच्या चुन्याच्या रेघा. नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या एकरात साडेनऊशेच्या वर वेली असतात, त्या एका दिवसात निघतात. लावल्यापासून पहिलं नीट पीक यायला दोन वर्षं गेलेली असतात.

जी बाग राहते तिचं वर्ष दोन छाटण्यांचं: एप्रिलची खरड, नव्या काड्यांसाठी; ऑक्टोबरची गोडी, फळासाठी. सप्टेंबरपासूनच कुणी आगाप छाटतो, कारण लवकर माल आला तर भाव. पण परतीचा पाऊस फुलोऱ्यात सापडला की डावणी हा बुरशीचा रोग येतो आणि घड कुजतो. उशिरा छाटली तर मार्चच्या गारपिटीला तोंड द्यावं लागतं. मणी भरताना डिसेंबर-जानेवारीत पारा खाली गेला की मण्याची वाढ थांबते, त्यात पाऊस पडला तर मणी तडकतात. निफाडकडे कडाक्याच्या रात्री बागेत शेकोट्या आणि पहाटे ठिबक सुरू दिसते ती हौस नसते. विहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं, त्याने मुळांशी ऊब राहते.

विकत घेणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. मण्यावरची पांढरी झाक म्हणजे औषध नव्हे, बहुतेक वेळा तो द्राक्षाचा स्वतःचा मेणासारखा पातळ थर असतो. तो शाबूत असेल तर माल फार हाताळलेला नाही. पांढरे ठिपके किंवा ओघळ असतील तर मात्र फवारणीचे, ते धुवावेत. आणि देठ बघा. हिरवा देठ म्हणजे कालचा माल, तपकिरी म्हणजे चार दिवसांपूर्वीचा. मणी दाबून बघणारं गिऱ्हाईक विक्रेत्याला आवडत नाही आणि ते बरोबरच आहे.

दसक

पाणवेलींबद्दल थोडक्यात. तपोवनाच्या खाली नदीवर हिरवळ दिसते, फोटो छान येतो. ती सांडपाण्यावर पोसलेली आहे. उन्हाळ्याच्या सुमारास साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. मशीनने काढतात, पण काढलेला ढीग काठावरच ठेवला तर पहिल्या पुरात तो परत नदीत, आणि प्रत्येक तुटका धुमारा म्हणजे नवी वेल. ढीग पूररेषेच्या वर नेऊन पसरायचा. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, आठवड्यात वाळून मूठभर होतो. बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, त्यामुळे ‘या वर्षी नदी साफ केली’ याचा अर्थ या वर्षीपुरती.

द्वारका

पुलाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. आग्रा रोडवरचा उड्डाणपूल २०१३ ला सुरू झाला. गावातल्या गावात जायचं असेल तर पुलावर चढू नका. वरून द्वारका दिसते, उतरता येईलच असं नाही. बसचं म्हणाल तर जुलै २०२१ पासून सिटीलिंक ही महापालिकेची बससेवा आली. पाटीवरचं शेवटचं ठिकाण वाचून चढण्याऐवजी मधला थांबा विचारा. निमाणी ते नाशिकरोड असं लिहिलेल्या दोन गाड्या वेगवेगळ्या रस्त्याने जातात.

पंचवटी कारंजा

उलटा वडापाव घरी बिघडतो अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पाव ताजा वापरता म्हणून बिघडतो. ताजा मऊ पाव पीठ आणि तेल दोन्ही पितो. आदल्या दिवशीचा घ्या. मधून चिरा पण एक कड जोडलेली ठेवा, आत लसूण-मिरचीची चटणी, मग बटाट्याची भाजी अर्धा इंच जाड, जास्त भरली तर तळताना तोंड उघडतं. हाताने दाबून कडा मिटवा. बेसन भजीपेक्षा किंचित घट्ट, उचललं की धार न तुटता पडेल इतपत, त्यात चमचाभर गरम तेल. बुडवून लगेच कढईत. तेल कमी तापलं असेल तर पाव स्पंज होतो, जास्त तापलं तर बाहेरून काळा आणि आतली भाजी गार. पिठाचा एक थेंब टाकून बघा, तळाला जाऊन तीन-चार सेकंदांत वर आला की बरोबर. काढल्यावर कागदावर ठेवू नका, जाळीवर उभे ठेवा. कागदावर खालची बाजू घामेजते. सोबत तळलेली मिरची, तिला आधी टोचा, नाहीतर फुटून तेल डोळ्यात.

भांडी बाजार

गंगाघाटवाल्यांच्या पहिल्या प्रतिसादात दुरुस्ती. पितळेच्या भांड्यांना पुराच्या पाण्याचं काही होत नाही हे अर्धंच खरं. पाण्याने होत नाही, पण गाळ तसाच वाळू दिला तर हिरवे डाग पडतात आणि ते चिंचेने जात नाहीत, पॉलिशला द्यावी लागतात. आणि कल्हई केलेली भांडी खालच्या फळीवर असतील तर ती आधी उचलावीत. गाळ घासताना कल्हई खरवडली जाते.

गंगाघाट

मान्य. कापड, काटा, वह्या, मग कल्हईची भांडी.